पितळेची तपेली आणि बाळाचे यकृत

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत कोकणातून, मुंबईहून किंवा पुण्याहून आणलेले एखादे पितळी भांडे अजून असेल. कोणी त्यात फुले ठेवतात, कोणी नुसते घासूनपुसून कपाटात मांडतात. इस्राएलमध्ये जन्मलेल्या नातवंडांना मात्र ‘कल्हई’ हा शब्द समजावून सांगावा लागतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्र धातू. त्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, म्हणून आतून कथलाचा पातळ थर देत, तीच कल्हई. कल्हईवाल्याचा भाता, नवसागराचा पांढरा धूर आणि बघता बघता चांदीसारखे उजळणारे पातेले वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेलच.

ताक कळकले की जिभेला कळते. दुधाचे तसे नाही. ते गोडच लागते. या साध्या गोष्टीमागे एका भयंकर बालरोगाचे कारण दडलेले होते आणि ते उघडकीस यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी १८८७ साली या रोगाचे वर्णन केले. पुढे वैद्यकाच्या पुस्तकांत त्यास ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असे नाव पडले. बहुधा सहा महिने ते तीन-चार वर्षांचे मूल. प्रथम ते किरकिरे होई, मग पोट फुगे, यकृत वाढून दगडासारखे कठीण लागे. कावीळ दिसू लागली की बहुतेक मुले काही महिन्यांतच जात. त्याहून वाईट म्हणजे एकाच घरात एकापाठोपाठ दोन-तीन भावंडे जात. मग दृष्ट, शाप, आईच्या दुधातला दोष, असे नाही नाही ते बोलले जाई. आईच्या वाट्याला दुःखाबरोबर दोषही येई. मद्रासचे ‘जम्मी लिव्हर क्युअर’ हे औषध त्या काळी देशभर प्रसिद्ध होते, यावरून आईबापांना या रोगाची धास्ती किती होती ते दिसते.

डॉक्टरांनीही पुष्कळ तर्क केले. कोणी विषाणू म्हटले, कोणी बुरशी लागलेल्या धान्यातील विष, कोणी आनुवंशिक दोष. खरा धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील डॉ. पोर्टमन, डॉ. टॅनर, डॉ. मोवॅट प्रभृतींनी अशा मुलांच्या यकृताच्या तुकड्यांना ऑर्सीन नावाचा रंग दिला. तेव्हा पेशींत गडद तपकिरी कण दिसले. तांब्याशी जोडलेल्या प्रथिनाचे ते कण होते. पुढच्याच वर्षी तांबे प्रत्यक्ष मोजले गेले. निरोगी यकृतात सुक्या वजनाच्या एका ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते ८०० च्या वर, कित्येकांत काही हजार निघाले! त्याच वर्षी न्यूयॉर्कचे डॉ. हान्स पॉपर आणि दिल्लीचे डॉ. नायक यांच्या मंडळींनीही यकृतपेशींतील तांब्याविषयी आपले काम प्रसिद्ध केले. पॉपर हे व्हिएन्नाचे यहुदी. १९३८ साली नाझींच्या तावडीतून निसटून ते अमेरिकेला गेले आणि यकृतशास्त्राचे आद्य पुरुष गणले गेले.

पण तांबे यकृतात आले कोठून? याचे उत्तर पुण्याने दिले. रास्ता पेठेत, जेथे आपले सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग आहे, त्याच पेठेत के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी डॉ. टॅनर यांच्याबरोबर आजारी मुलांच्या आयांना आणि निरोगी मुलांच्या आयांना बारकाईने विचारले: बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवता? कशात ठेवता? आजारी मुलांच्या घरी वरचे दूध फार लवकर सुरू झालेले आढळले आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांत हा रोग क्वचितच आढळे. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. मला तर या संशोधनात यंत्रांपेक्षा आयांना विचारलेले हे प्रश्नच मोठे वाटतात.

प्रयोगशाळेने बाकीचे दाखवले. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात पाणी ठेवले तर त्यात तांबे थोडेच उतरते. दूध मात्र ते ओढून घेते, कारण दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. तान्ह्या बाळाचे यकृत नको असलेले तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्यास अजून तयार नसते, म्हणून ते साठत जाते. म्हणजे ज्या घरात बाळाच्या दुधासाठी खास वेगळी तपेली ठेवली जाई, तेथे मायेनेच घात व्हावयाचा.

पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध केंब्रिजच्या डॉ. वॉल्श यांनी १९५६ साली विल्सनच्या रोगासाठी पुढे आणले होते. पुण्यात ते या मुलांना देऊन पाहिले. कावीळ होण्यापूर्वी सुरू केले तर कित्येक मुले वाचली. विशेष असे, की बरी झालेल्या मुलांचे औषध थांबवल्यावरही तांबे पुन्हा साठले नाही. विल्सनच्या रोगात औषध जन्मभर घ्यावे लागते. अर्थात दोष केवळ शरीरात नव्हता, बाहेरूनही काही येत होते. पुणे जिल्ह्यात भांडी बदलण्याचा प्रचार झाला आणि रोग ओसरला. मृत मुलांच्या पाठची भावंडेही वाचली. तोपर्यंत स्टेनलेस स्टील घरोघरी पोचलेच होते. श्रेयाचा काही वाटा त्यालाही द्यावा लागेल.

हा रोग केवळ भारताचाच, असे नावावरून वाटे. तेही खरे ठरले नाही. १९९६ साली ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातील हकीकत प्रसिद्ध झाली. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच रोगाने गेली होती. तेथेही बाळाचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तयार होत असे. ती भांडी गेली आणि रोगही गेला.

एक कोडे राहिलेच. पितळी भांडी लाखो घरांत होती, पण रोग मोजक्याच मुलांना झाला. टिरोलमधील कुटुंबांच्या वंशावळीवरून तेथे आनुवंशिक दोष असावा असे दिसले. भारतातही तसाच संशय आहे, पण सिद्ध झालेला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा रोग भारतात दुर्मिळ झाला आणि तपासावयास रुग्णच उरले नाहीत.