संख्या कोठें राहते? : रघुनाथ शिरोमणीची 'पर्याप्ति' व अर्वाचीन संचकल्पना

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना न्यायशास्त्राचीं सुटीं पानें वारंवार हातीं येतात. सनदा, महजर व पत्रें ह्यांची नोंद काळजीपूर्वक होते. ह्या पानांवर मात्र 'न्याय, त्रुटित' एवढाच शेरा पडतो व तीं रुमालाच्या तळाशीं जातात. अशा पानांत जो वाद चाललेला असतो त्यांतील एक प्रश्न यूरोपांतील गणितज्ञांस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्यानें सोडवावा लागला. तो प्रश्न म्हणजे, संख्या नेमकी कशावर राहते? दोन्ही उत्तरांचें साम्य किती व भेद कोणता, हें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वैशेषिकांच्या मतें संख्या हा चोवीस गुणांपैकीं एक गुण होय. गुण द्रव्यावरच राहतो. गुणावर गुण राहत नाहीं. परंतु 'गुण चोवीस आहेत' असें म्हणतांच अडचण उभी राहते. ही चोवीस संख्या द्रव्यांची नव्हे, गुणांचीच आहे. प्राचीनांचें समाधान असें कीं, संख्या खरी द्रव्यावरच असते व त्याच द्रव्यावर राहणाऱ्या गुणांस ती परंपरासंबंधानें लागू होते. पण एकाच आंब्याचें रूप व रस हे दोन गुण आपण मोजतों, तेव्हां आश्रय एकच आहे. मग द्वित्व आलें कोठून? नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीनें सोळाव्या शतकाच्या सुमारास 'पदार्थतत्त्वनिरूपण' ग्रंथांत निर्णय दिला कीं, गुणांवरही संख्येची प्रतीति होते व ती भ्रम नव्हे. म्हणून संख्या हा गुण नसून स्वतंत्र पदार्थ मानावा.

येथेंच दुसरा प्रश्न निघतो. दोन घटांवरील द्वित्व समवायसंबंधानें प्रत्येक घटावर आहे असें मानलें, तर एका घटाकडे बोट दाखवून 'हा दोन आहे' असें म्हणण्याची पाळी येईल. हा दोष टाळण्यासाठीं नव्यनैयायिकांनीं 'पर्याप्ति' नांवाचा संबंध योजिला. ह्या संबंधानें द्वित्व दोहोंवर मिळून राहतें, एकेकट्यावर नाहीं. बैलांची जोडी म्हणतांना एकटा बैल जोडी होत नाहीं, हा व्यवहारच त्यांनीं परिभाषेंत बांधला.

आतां यूरोपाकडे पाहूं. गोट्लोब फ्रेगे ह्या जर्मन गणितज्ञानें इ. स. १८८४ मध्यें अंकगणिताच्या पायावरील आपल्या ग्रंथांत हाच प्रश्न विचारला. पत्त्यांचा एकच ढीग जोड म्हणून मोजला तर एक, व पानें म्हणून मोजला तर बावन्न. अर्थात् संख्या हा वस्तूचा रंगासारखा धर्म नव्हे. वस्तु ज्या कल्पनेखालीं मोजावयाच्या त्या कल्पनेविषयींचें तें विधान होय. त्याच काळांत गेओर्ग कांटोरनें संचाची कल्पना गणितांत रुजविली. संच व त्याचा घटक ह्यांचे धर्म वेगळे. 'दोन असणें' हा जोडीचा धर्म, तिच्यांतील एकेकाचा नव्हे. पर्याप्तीचें ह्या विचाराशीं असलेलें साम्य डॅनियल इंगल्स ह्यांनीं इ. स. १९५१ मधील आपल्या नव्यन्यायविषयक ग्रंथांत दाखविलें आहे.

तथापि साम्यावरून ऐक्य मानणें चूक ठरेल. पहिला भेद असा कीं, पर्याप्ति हा संख्येचा वस्तूंशीं असलेला संबंध आहे. वस्तूंस एकत्र करून 'संच' नांवाचा निराळा पदार्थ नैयायिकांनीं उभारला नाहीं. यूरोपीयांनीं तो उभारला व त्याची झळही त्यांस लागली. इ. स. १९०२ च्या जूनच्या १६ तारखेस बर्ट्रांड रसेलनें फ्रेगेस पत्र लिहून दाखविलें कीं, जे संच स्वतःचे घटक नाहींत अशा सर्वांचा एक संच कल्पिला, तर तो स्वतःचा घटक आहे म्हटलें तरी विरोध व नाहीं म्हटलें तरी विरोध. कोणते संच मानावे ह्याचे नियम त्सेर्मेलोनें इ. स. १९०८ मध्यें घालून दिले. दुसरा भेद रिक्त संचाचा. शुक्रास चंद्र नाहीं, हें फ्रेगे शून्य संख्येनें सांगतो. नैयायिक शुक्रावर चंद्राचा अभाव सांगेल, कारण चंद्र अन्यत्र प्रसिद्ध आहे. शशशृंगासारख्या अप्रसिद्धाचा मात्र अभावही त्यास मान्य नाहीं. तिसरें, अनंत संचांत लहानमोठेपणा असतो हा कांटोरचा सिद्धांत येथें कोठेंच नाहीं. तेव्हां 'हें सर्व आमच्याकडे होतेंच' ही घोषणा शास्त्राला धरून नाहीं, व तिनें रघुनाथाचें खरें श्रेयही झांकलें जातें.

ही विद्या बंगालांतच कोंडून राहिली नाहीं. दीधितीवरील भवानंदाच्या टीकेवर टीका रचणारा महादेव पुणतामकर हा आडनांवानेंच गोदातीरच्या पुणतांब्याची आठवण देतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, न्यायाचीं सुटीं पानें एकत्र शिवूं नयेत. प्रत्येक पानाचीं आद्यन्ताक्षरें, समासांतील ग्रंथसंक्षेप व प्रतीकें उतरून घ्यावीं. 'पर्याप्ति', 'अवच्छेदक', 'उभय' हे शब्द दाट आढळल्यास तें पान 'अवच्छेदकत्वनिरुक्ति' किंवा तत्सम प्रकरणाचें असण्याचा संभव ध्यानीं घ्यावा. परिभाषेसाठीं भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' जवळ ठेवावा; वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनीं शोधिलेली त्याची आवृत्ति भांडारकर संस्थेनें इ. स. १९२८ मध्यें प्रसिद्ध केली आहे. एवढें झालें तरी, कोणत्या घराण्यांत ही विद्या कोठवर पढली जात होती, ह्याचा हिशेब पुढील अभ्यासकास मांडतां येईल.