मेरी चिल्टन : नोंदींतून उलगडणारे एक आयुष्य

१/ १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेत आलेल्या मेरी चिल्टनची ना रोजनिशी उरली, ना पत्रे. तरीही तिचा जीवनपट मांडता येतो. कसा?

२/ पहिला धागा इंग्लंडमधला. केंट परगण्यातील सँडविच गावी, सेंट पीटर चर्चच्या नोंदवहीत तिचा बाप्तिस्मा ३१ मे १६०७ रोजीचा आहे. म्हणजे प्रवासाच्या वेळी ती अवघी तेरा वर्षांची होती.

३/ ८ डिसेंबर १६२० रोजी, जहाज केप कॉडजवळ नांगरलेले असताना, वडील जेम्स वारले. पहिल्याच हिवाळ्यात आईही गेली.

४/ प्लिमथ वसाहतीच्या १६२३ च्या जमीनवाटपात ‘मेरी चिल्टन’ हे नाव आढळते. २२ मे १६२७ रोजी गुरांची वाटणी झाली. तीत बायका-मुलांसह प्रत्येकाचे नाव नोंदवले गेले. तेथे जॉन विन्स्लोच्या नावाखाली ‘मेरी विन्स्लो’ आहे. विवाहाची तारीख उपलब्ध नाही. परंतु या दोन याद्यांमुळे विवाहाचा काळ चार वर्षांच्या मर्यादेत येतो.

५/ पुढे हे दांपत्य बॉस्टनला स्थायिक झाले. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार विवाहितेची जंगम मालमत्ता पतीची मानली जाई. विधवेला मात्र स्वतःच्या नावे मृत्युपत्र करता येई. मेरीने ते ३१ जुलै १६७६ रोजी केले.

६/ त्यात मुलगा जॉनला मोठे चौकोनी मेज, मुलगी साराला उत्तम झगा व चांदीचा वाडगा, तर नात मेरीला दोन कानांचा चांदीचा पेला दिलेला आहे. मुली, जावई आणि नातवंडे यांची नाती येथे एकाच कागदावर स्पष्ट होतात. स्वाक्षरीच्या जागी केवळ तिची खूण आहे.

७/ प्लिमथच्या खडकावर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री मेरीच, अशी कौटुंबिक आख्यायिका आहे. समकालीन पुरावा मात्र नाही.

८/ आणि तिची आई? १६०९ मध्ये, एका बालकाच्या चर्चविधीविना झालेल्या दफनास उपस्थित राहिल्याबद्दल सँडविचमध्ये तिला बहिष्कृत करण्यात आले. नोंद आहे ‘जेम्स चिल्टनची पत्नी’ अशी. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्या प्रवासीयादीतही ती नुसती ‘पत्नी’च आहे.

९/ चर्चशी संघर्ष करून समुद्र ओलांडणारी ही स्त्री नावाविनाच इतिहासात उरली. लेकीचे नाव टिकले, कारण तिच्या वाट्याला जमीन, गुरे आणि वारसा आला. वंशावळ वाचताना म्हणूनच कोणाची नोंद झाली याइतकेच ती कशासाठी झाली, हेही विचारावे लागते.