तुपाखाली वाढलेला प्लेग



डॉक्टर ‘युरीन कल्चर’ लिहून देतात, आमच्या हिमायतनगरहून नमुना नांदेडला जातो आणि रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. इतके का? कारण जंतूंना आधी खाऊ-पिऊ घालून वाढवावं लागतं. आपण दुधाला विरजण लावून रात्रभर ठेवतो, तसंच. ज्यात ते वाढवतात त्याला कल्चर मीडियम म्हणतात. त्याच्या इतिहासात तूप आहे, बोकड आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्राससुद्धा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत धान्याच्या वखारींच्या मांडवी भागात प्लेग निघाला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. व्हिएगस यांनी. ऑक्टोबरात डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ते ओडेसाचे ज्यू. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या संसारात त्यांनी लस करायला घेतली.

लसीसाठी जंतू भरपूर हवेत, आणि त्यांना मांसाचं पाणी लागतं. गाईचं हिंदूंना चालणार नाही, डुकराचं मुसलमानांना, म्हणून बोकडाचं मांस घेतलं गेलं. त्या पाण्यावर हाफकिननी तुपाचे थेंब सोडले. गुहेच्या छतातून चुन्याचे सुळे लोंबतात ना, तसे प्लेगचे जंतू तुपाखालून लोंबत वाढायचे. बाटली जराही हलू द्यायची नाही. काही दिवसांनी मुद्दाम हलवली की ते तळाशी बसायचे आणि तुपाखाली नवं पीक यायचं. असं पाच-सहा आठवडे. मग गरम करून जंतू मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालायचं. हे लोंबणंच प्लेगच्या जंतूची एक ओळख ठरलं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली.

आता आपला प्रश्न. हिंदूंचा विचार झाला, मुसलमानांचा झाला. आपल्याला मात्र बोकड काय आणि गाय काय, दोन्ही पंचेंद्रिय जीव. मांडवीत कच्छी जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. रात्रीचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या त्या घरांतल्या बायकांसमोर लेकरांना टोचायचं की नाही हा प्रश्न आला असेलच. मला विचाराल तर मी टोचलं असतं आणि प्रायश्चित्त घेतलं असतं. माताजींचं उत्तर कदाचित वेगळं येईल.

चायना ग्रासची गोष्ट जरा बरी आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवत. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी. उन्हाळ्यात ते वितळायचं, काही जंतू तर तेच खाऊन पातळ करायचे. तिथल्या वॉल्टर हेसेंच्या पत्नी फॅनी यांनी १८८१ च्या सुमारास सुचवलं की आगर वापरा. त्या घरी जेली त्याचीच करत; जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्यांना ते कळलं होतं. आगर समुद्री शेवाळाचं, एकदा गोठलं की उन्हाळ्यात वितळत नाही. कॉखनी १८८२ मध्ये आगरचा उल्लेख केला, बाईंचं नाव काही घेतलं नाही. (नवल वाटलं का? मला नाही.)

बोकडालाही पुढे पर्याय निघाला. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखी यांनी दुधातलं केसीन ॲसिडने फोडून त्यावर प्लेगचे जंतू वाढवले. १९५० मध्ये हे काम जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आलं. म्हणजे तुपापासून सुरुवात झाली ती दुधापर्यंत आली.

जंतू ओळखायच्या मीडियमचा हिशेब मात्र अजून जुळत नाही. मॅकॉन्की आगरमध्ये दुधातली साखर असते. ई-कोलाय ती खातो आणि गुलाबी दिसतो. पण त्यातच जनावरांच्या पित्ताचे क्षारही असतात. आणि घशातले काही जंतू रक्ताचं काय करतात त्यावरून ओळखले जातात, त्यामुळे ब्लड आगरला रक्त लागतं, बहुतेक ठिकाणी मेंढीचं.