कॉम्प्युटरच्या वतीने सही कोण करणार?

आजचा एपिसोड एका कागदाबद्दल आहे. व्हॉट्सॲपवरचं चॅट, दुकानाच्या टॅलीमधली उधारी, सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज, यातलं काहीही प्रिंट किंवा कॉपी करून दिवाणी कोर्टात द्यायचं, तर सोबत सर्टिफिकेट लागतं. ते नसेल तर पुरावा खरा की खोटा हे राहतं बाजूला, तो वाचायचा की नाही यावरच आधी वाद होतो. हा नियम आला कुठून, ते बघू.

सुरुवात चोपडीपासून. १८७२ च्या पुरावा कायद्यात ३४ वं कलम हिशेबाच्या वह्यांचं होतं. धंद्यात नेमाने लिहिलेली वही कोर्टात चालेल, पण नुसत्या नोंदीवर कोणाच्या डोक्यावर देणं बसणार नाही. बरोबरच आहे ना! वही सावकाराची, लिहिणारा त्याचाच मुनीम. 'शंभर दिले' असं लिहिलं म्हणजे दिलेच, असं कसं मानायचं? बँकांना मात्र १८९१ च्या वेगळ्या कायद्याने सवलत दिली. मूळ लेजर कोर्टात न्यायची गरज नाही, अधिकाऱ्याने सही केलेली नक्कल चालेल. म्हणजे नोंद रोजच्या कामातली हवी आणि तिच्यामागे कोणीतरी माणूस उभा हवा, हे तेव्हाच ठरलं होतं.

मग कॉम्प्युटर आला. इंग्लंडने १९६८ च्या कायद्यात दिवाणी दाव्यांसाठी अटी घातल्या : मशीन नेहमीच्या कामात वापरात असावं, माहिती नियमित भरली जावी, त्या काळात मशीन नीट चालत असावं. १९९५ मध्ये त्यांनीच ते कलम रद्द केलं. गंमत म्हणजे २००० साली आयटी कायदा करताना आपण जवळपास तेच कलम '६५-ब' म्हणून आपल्या पुरावा कायद्यात घातलं.

पुढे गोंधळच. २००५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, सर्टिफिकेट नसलं तरी दुसरा मार्ग आहे. २०१४ मध्ये म्हणालं, हवंच. २०१८ मध्ये पुन्हा सूट. शेवटी हा प्रश्न सुटला तो आपल्या जालन्याच्या खटल्यात.

२०१४ च्या विधानसभेला जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ च्या आत रीतसर दाखलच झाला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. निवडणूक याचिका साधारण दिवाणी दाव्यासारखीच चालते, त्यामुळे पुरावा हवा. तो होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांत. सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही सर्टिफिकेट कोणी देईना. कॅमेरा सरकारी, सही करणारा अधिकारीही सरकारी. मग मागणाऱ्याने करायचं काय?

औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला आणि नियम पक्का केला. कॉपी देणार असाल तर सर्टिफिकेट सक्तीचं. मूळ फोन किंवा लॅपटॉपच घेऊन मालक साक्षीला उभा राहिला तर नको. समोरचा देत नसेल तर कोर्टाकडून आदेश मागा. आणि हातात होतं ते सगळं करूनही मिळालं नाही, तर अशक्य गोष्टीचा हट्ट कायदा धरत नाही. गोरंट्याल जिंकले खरे, पण तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती.

'एवढी कटकट कशाला?' असं वाटेल. मी रोज सर्व्हरचे लॉग बघतो. लॉग म्हणजे शेवटी एक फाइल, आणि पुरेसा ॲक्सेस असलेल्याला ती बदलता येते. शिवाय कोणी हात लावला नाही तरी सॉफ्टवेअर स्वतःच चुकतं. २००७ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने पोस्टाच्या 'होरायझन' सिस्टिमचा हिशेब ग्राह्य धरला आणि ली कॅसलटन या पोस्टमास्तरांना पैसे भरायला लावले. खटल्याचा खर्चच सुमारे ३ लाख २१ हजार पौंड. ते दिवाळखोर झाले. होरायझनमध्ये बग होते, हे हायकोर्टानेच मान्य केलं, पण २०१९ मध्ये!

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमात सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. पण मुळातच चुकीची नोंद पडली असेल, तर हॅश ते सांगणार नाही. त्यासाठी अजूनही १८७२ चाच प्रश्न विचारावा लागतो : ही नोंद कोणी केली, आणि सोबत दुसरा पुरावा काय?

तेव्हा पैशांचा वाद असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. जुना फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. रेकॉर्ड दुसऱ्याकडे असेल तर सर्टिफिकेट लेखी मागा आणि त्या अर्जाची पोच जपून ठेवा. जालन्याच्या खटल्यात मागितल्याचा पुरावाच कामी आला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.