मोटारीचे रोगण, गिटारचे लाकूड
घरी इलेक्ट्रिक गिटार घडवणाऱ्यांना रंगकामात छळणारे बरेचसे दोष 1920 च्या दशकातील अमेरिकी मोटारउद्योगाकडून वारशाने आले आहेत. ड्यूपॉंट कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला सेल्युलोज झटपट उडणाऱ्या द्रावकात विरघळवून केलेले रोगण, फार लवकर वाळत असल्याने जनरल मोटर्सने गाड्यांसाठी स्वीकारले, आणि 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने तेच तंत्र, मोटारींच्या रंगछटांसह, गिटारवर आणले. मात्र लाकडावर या लॅकरचा मुख्य गुणच अडचणीचा ठरला. द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्पाचे तेथे पाणी होते आणि थर दुधाळ पडतो, म्हणून रंगारी त्यात सावकाश उडणारा द्रावक मिसळत किंवा कोरड्या हवेची वाट पाहत, आणि आजही हेच उपाय केले जातात. तापमान एकाएकी उतरले, की लाकूड व ठिसूळ थर सारखे आकसत नाहीत आणि बारीक तडे जातात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फेंडर जाड, चिवट पॉलिएस्टरकडे वळली, तेव्हा ही तक्रार पुष्कळ कमी झाली. पुढे संग्राहक मात्र जुन्या वाद्यांवरील त्याच तड्यांना मोल देऊ लागले, इतके की काही कारागीर नव्या गिटारवर ते मुद्दाम पाडतात.