धूळपाटी आणि औटकी

एखाद्याचे वैभव पाहता पाहता ओसरले की आपण त्यास 'औट घटकेचे राज्य' म्हणतो. परंतु औट म्हणजे नेमके किती, असे विचारले असता चटकन उत्तर देणारा मनुष्य आता क्वचितच भेटेल. औट म्हणजे साडेतीन. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा औट घटकेचे राज्य बरोबर ८४ मिनिटांचे भरते. इतके काटेकोर माप भाषेत शिल्लक राहावे आणि ते माप मुलांच्या जिभेवर बसविणारी शाळा मात्र समूळ नाहीशी व्हावी, हा मोठा विलक्षण योग होय. नव्या कामाचा श्रीगणेशा किंवा ओनामा करणे, धुळाक्षरे गिरविणे, थोरांचा कित्ता पुढे ठेवणे, झालेल्या गोष्टींची उजळणी करणे, मनाची पाटी कोरी असणे, ही सारी बोलणी एकाच मोडक्या वाड्यातून बाहेर आलेले सामान आहे, आणि तो वाडा म्हणजे पंतोजींची शाळा.

ही शाळा भरावयास इमारत लागत नसे. कोणा गृहस्थाची ओसरी, देवळाचा सभामंडप किंवा चावडीची पडवी एवढी जागा तिला पुरे. सरकारी तैनात नाही, सनद नाही, तपासणीस येणारा अंमलदार नाही. पंतोजींची गुजराण पालकांकडून मिळणाऱ्या धान्यावर, शिध्यावर आणि सणावारी हातावर पडणाऱ्या दक्षिणेवर चाले. अशा शाळेत शिक्षणाची साधने विकत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे जे साधन फुकट मिळेल तेच तेथे साधन ठरले. आणि सर्वांत फुकट मिळणारी वस्तू म्हणजे धूळ.

धूळपाटी म्हणजे एक लाकडी फळी. तीवर विटकरीची पूड किंवा बारीक चाळलेली माती पसरावयाची, तळहाताने सारखी करावयाची, आणि बोटाने अथवा टोकदार काडीने तीत अक्षर ओढावयाचे. बोट फिरेल तेथील धूळ बाजूस सरते, खालचे काळसर लाकूड दिसू लागते, आणि त्या दोन रंगांच्या भेदातून अक्षर उमटते. चुकले तर फळीस एक हिसका द्यावा. 'क'चा मोडलेला कान, 'श'ची उलटी गाठ, सारे एका क्षणात निराकार होते. कागदावर केलेली चूक खोडावी लागते व खोडलेली जागा दिसत राहते, दगडी पाटीवरही ओल्या फडक्याचा डाग उरतो. धूळ मात्र काहीच लक्षात ठेवीत नाही. ज्या काळी कागद हा दफ्तरखान्यात मोजून खर्च होणारा जिन्नस होता, त्या काळी पाच-सहा वर्षांच्या पोरास हजार वेळा चुकण्याची मुभा देणारे याहून स्वस्त साधन कोणते असणार? मला तर या उपकरणाचा खरा गुण त्याच्या स्वस्ताईपेक्षा या विस्मरणात आहे असे वाटते.

या धुळीचे कुळही लहानसहान नाही. आपल्याकडे अंकगणितास जुने नाव 'पाटीगणित', आणि पाटीवरच्या धुळीत केलेल्या आकडेमोडीस 'धूलिकर्म'. भास्कराचार्यांची लीलावती ही ११५० च्या सुमाराची, याच पाटीगणिताच्या परंपरेतली. कमळाभोवती विखुरलेले भुंगे, खांबावर बसलेला मोर आणि बिळाकडे धावणारा साप असली उदाहरणे तीत आहेत. शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभे करावयाचे आणि हात धुळीत चालवावयाचे, अशी ही जोडी होती. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे भाऊ दाजी लाड यांना जो शिलालेख आढळला, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिल्याचा निर्देश आहे. तो काळ १२०७ च्या आसपासचा. हीच धूळ आपल्या अंकांबरोबर अरबांच्या देशी गेली, आणि तेथे हिशेबाच्या एका शाखेस धुळीचेच नाव मिळाले: गुबार. आपल्या बोलण्यातला गर्दीगुबार तो हाच.

धुळीवर हात बसला की पोराच्या हाती बोरू येई. पंतोजींनी घालून दिलेल्या वळणावरून, म्हणजे कित्त्यावरून, तो पुन्हा पुन्हा हात फिरवी. पुढे मोडी आली, आणि मोडी वाचावयास छापील पुस्तक नव्हतेच. तेव्हा कोणाच्या तरी घरच्या रुमालात बांधलेली जुनी पत्रे वाचनास दिली जात. 'राजमान्य राजश्री'पासून 'हे विनंति'पर्यंत सारे मायने, कर्ज, वाटणी, लग्नाची बोलणी, गावची भांडणे हे सर्व त्या पत्रांतून मुलाच्या कानावर व डोळ्यांखाली जाई. शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत त्यास आज काहीतरी भारदस्त नाव मिळाले असते; पंतोजींनी ते केवळ दुसरे काही नव्हते म्हणून केले.

परंतु या शाळेची खरी शोभा तिच्या गणितात होती. पाढे तीसपर्यंत तर पाठ होतच. त्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची एक फौजच उभी असे. बारा पाव तीन, सोळा पाऊणे बारा, अठरा दिडे सत्तावीस, चौदा औटे एकोणपन्नास. आजच्या वाचकास ही निव्वळ घोकंपट्टी वाटेल, आणि घोकंपट्टी ती होतीच. पण ज्या बाजारपेठेत ती वापरावयाची ती पेठ एकदा नजरेसमोर आणली पाहिजे. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस, शेराचे पावशेर चार. सारा व्यवहार दुभागण्याचा आणि चौभागण्याचा. जेथे वस्तूच पावाने आणि अडीचकीने विकली जाते, तेथे दशांशाचा उपयोग काय? या परिपाठातून निघालेली एक गुरुकिल्ली तर मोठी रमणीय आहे: मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितकेच आणे. गूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेर गूळ बारा आण्यांना, आणि पाच शेर दीड रुपयाला. कागद नको, काडी नको, बोटेही नकोत. अडीच शेर हा मणाचा सोळावा हिस्सा आणि आणा हा रुपयाचा सोळावा हिस्सा, एवढेच त्यातले रहस्य. परंतु ते ज्याने प्रथम हेरले त्या अनाम पुरुषास गणिती म्हणावयास माझी काही हरकत नाही.

या सर्व पाठांतराचा परवचा संध्याकाळी होत असे. माझ्या लहानपणी शाळा नवी झाली होती, पण आमच्या घरी आजोबांच्या रूपाने पंतोजी अद्याप नांदत होते. दिवेलागणी झाली, शुभंकरोति म्हणून झाले, की ओटीवरील खांबाला टेकून ते बसत आणि आम्हा भावंडांकडून ओळीने सारे म्हणवून घेत. औटकीस आमची गाडी हटकून अडे. मग ते स्वतःच सुरू करीत, 'एक औट औट, दोन औटे सात', आणि त्यांचा आवाज इतका संथ व गोड लागे की मागाहून म्हणावयाचे आहे याचे आम्हांस भानच राहत नसे.

एवढे गुण गाइल्यावर दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. या शाळेत छडी होती, अंगठे धरून उभे करणे होते, घोडीवर टांगण्याची शिक्षा होती. मुली तेथे जवळजवळ नव्हत्या, आणि अस्पृश्य गणलेल्या जातींच्या मुलास तर ती ओसरी चढण्याची मुभाच नव्हती. धूळ सर्वांना फुकट होती, पण फळीपुढे बसावयाचा अधिकार फुकट नव्हता. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना जे सोसावे लागले त्यावरून ती ओसरी किती उंच होती याची कल्पना येते. सृष्टिज्ञान म्हणावे तर त्याचे नावही तेथे नसे. आभाळ, पाऊस, झाडे, किडे सारे ओसरीच्या बाहेर मोकळे पडलेले असे, आणि पंतोजींची पाठ त्याकडे असे.

आता या धुळीचा प्रवास पाहा. १७८९ साली मद्रासेस एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री देखरेखीस नेमला गेला. एके दिवशी सकाळी घोड्यावरून जाता जाता त्यास एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून बोटांनी वाळूत अक्षरे काढीत होती. त्या शाळेस तो 'मलबारी' म्हणतो, कारण त्या काळचे इंग्रज तमिळ माणसांसही सर्रास मलबारीच म्हणत. बेल आपल्या शाळेत परतला आणि खालच्या वर्गास वाळूवर शिकविण्याचा हुकूम त्याने दिला. तेथील मास्तरांस मात्र हा पोरखेळ पसंत पडेना. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठएक वर्षांच्या एका विद्यार्थ्यासच त्या वर्गावर नेमले, आणि त्या पोराने मास्तरांना जमले नाही ते करून दाखविले. यावरून बेलने पुढे मुलांकरवी मुलांस शिकविण्याची सबंध पद्धती बसविली व १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तांत छापला. १७९८ साली जोसेफ लँकॅस्टर याने त्याच शहरात गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिच्यातही लहान मुलांच्या मेजांवर वाळू पसरलेली असे. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले शिकतात हे पाहून विलायतेतील परोपकारी मंडळी हर्षित झाली. काटकसर आणि पुण्य एकाच दरात मिळत असेल तर कोणास नको असते!

बेलने वाळूचे ऋण कबूल केले, परंतु मुलांकरवी शिकविण्याच्या कल्पनेचे श्रेय स्वतःकडेच ठेवले. ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनी मात्र १८१४ च्या आपल्या खलित्यात, हिंदुस्थानात पूर्वापार चालत आलेली शिकविण्याची रीतच डॉक्टर बेल यांच्या हातून आपल्या देशात आली, असे मोकळ्या मनाने लिहून ठेवले आहे. पुढचा भाग अधिक मौजेचा आहे. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टन गव्हर्नर असता, १८२२ साली देशी शाळा व शाळापुस्तके यांसाठी एक स्वतंत्र मंडळी स्थापन झाली, आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस झाले. देशी शाळांत काय काय उणे आहे याची याद मंडळीने केली. त्यात पुस्तके नाहीत, योग्य पंतोजी नाहीत, पैसा नाही, यांबरोबरच शिकविण्याची सुलभ पद्धती नाही, हेही एक कलम होते. आणि त्यावर उपाय म्हणून लँकॅस्टरच्या पद्धतीची शिफारस झाली. मद्रासेच्या ओट्यावरून उचललेली वाळू अशा रीतीने विलायतेची मोहोर लागून मुंबईच्या बंदरात उतरली. पंतोजींच्या फळीवरची धूळ ती अडाणीपणा, आणि जहाजातून आलेली ती पद्धती! मंडळीवर सर्वच दोष ठेवणे रास्त होणार नाही. छापील पुस्तके तिने दिली, आणि त्यावाचून पुढचे पाऊल पडते ना. तथापि तिच्या मागोमाग जी सरकारी शाळा आली, तीत घंटा, हजेरीपट, इन्स्पेक्टर आणि दगडी पाटी आली, व धूळपाटी हळूहळू माळ्यावर गेली. तिचे नाव तेवढे नव्या पाटीने घेतले. दसऱ्यास आपण एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून जी पाटी पुजतो, ती या घराण्यातली वारस.

धुळीला पुन्हा मान मिळाला तो शंभराहून अधिक वर्षांनी, आणि तो मिळवून देणाऱ्या दोन स्त्रिया होत्या. ताराबाई मोडक भावनगरास बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या. माँटेसरीबाईंच्या तत्त्वावर त्यांची निष्ठा, पण त्या पद्धतीची घोटीव लाकडी उपकरणे शहरातल्या सुखवस्तू बालकांनाच परवडणारी, हे त्यांनी ओळखले होते. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या वस्तीत न्यावी, अंगणात मांडावी, म्हणून 'अंगणवाडी'. आणि जी पोरे दिवसभर गुरांमागे हिंडतात त्यांच्यासाठी चरणीच्या रानातच 'कुरणशाळा'. साहित्य काय, तर किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, रानातल्या बिया, पाने, खडे, माती, बांबू. शिंपले लहानमोठे लावता लावता क्रम कळे, बियांच्या राशी करता करता बेरीज होई, आणि जे झाड पोर रोज ओलांडून जाई त्याचेच पान हाती घेऊन निरीक्षण सुरू होई. पंतोजींनी जिच्याकडे पाठ केली होती त्या सृष्टीकडे तोंड करून बसलेली ही पहिली स्वस्त शाळा, असे मला वाटते. आणि विशेष हे की तिच्यापुढे वारली पोरे होती, ज्यांना त्या जुन्या ओसरीने कधी वर घेतलेच नसते. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले.

योगायोग असा की त्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पावकी-औटकीच्या पायाखालची पेठच सरकली. आण्याची किंमत सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नसल्याने सरकारी कोष्टकात एक आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस आणि चार आण्यांस पंचवीस असा हिशेब ठरला. आजोबांनी ते कोष्टक वाण्याच्या दुकानात भिंतीवर डकवलेले पाहिले, चष्मा पुसून दोनदा वाचले, आणि मग एक आण्याची हळद मागितली. सहा पैसे दिले. पुडी पिशवीत टाकून पुन्हा एक आण्याची मागितली, पुन्हा सहा दिले, तिसऱ्यांदाही तसेच. तीन पुड्या मोजून ते वाण्यास म्हणाले, 'एकदम घेतली असती तर एकोणीस पडले असते. आता हे पोरांना कोणत्या पाढ्यात शिकवू?' वाणी हसला, आणि त्याने चौथी चिमूट तशीच पुडीत टाकली.