अनुमस्तिष्क बाह्यकाचे विद्युत प्रतिसाद : शोध आणि श्रेय

अनुमस्तिष्काच्या, म्हणजेच लहान मेंदूच्या, बाह्यकाची रचना बरीच आधी ज्ञात झाली होती. पुर्किंजे यांनी १८३७ साली प्राग येथील परिषदेत त्यातील मोठ्या पेशींचे वर्णन केले. काहाल यांनी १८८८ पासून त्यांच्यापर्यंत पोहोचणारे तंतू रेखाटले. परंतु कोणता तंतू पेशीला उत्तेजित करतो व कोणती पेशी दुसरीस रोखते, हे रेखाटनावरून ठरत नाही. त्यासाठी तंतूंना विद्युत चेतना देऊन प्रतिसाद मोजावे लागले. प्रस्तुत लेखात या मोजणीचा आणि तिच्या श्रेयाचा विचार केला आहे.

रॉबर्ट डाऊ यांनी १९३९ साली अनुमस्तिष्काकडे येणारे विविध चेतामार्ग उत्तेजित करून प्रतिसाद नोंदविले. १९४९ मध्ये त्यांनी खुद्द बाह्यकालाच चेतना दिली, तेव्हा प्रतिसाद वळीच्या लांबीच्या दिशेने सरकत गेला. समांतर तंतूही त्याच दिशेने जातात. अडचण अशी की, पृष्ठभागावरील लहर ही अनेक पेशींच्या प्रवाहांची बेरीज असते. विरारच्या फलाटावरील गलका दुरून ऐकून कोण काय बोलले हे सांगता येऊ नये, तसाच हा प्रकार होय.

त्यावर उपाय म्हणजे सूक्ष्म विद्युताग्र थेट पेशीत नेणे. कॅनबेरा येथे एकल्स, यिनास व सासाकी यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. आरोही तंतूस एकच चेतना दिली असता पुर्किंजे पेशीत 'पूर्ण किंवा मुळीच नाही' अशा स्वरूपाचा प्रबळ प्रतिसाद उमटतो. मॉसी तंतूंचा संदेश मात्र कणपेशी व समांतर तंतूंच्या वाटेने येतो आणि तो चेतनेनुसार कमीअधिक होतो.

तथापि निर्णायक पाऊल कॅनबेरात पडले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एकल्स यांच्याकडे काम करून जपानला परतलेले मासाओ इतो यांनी योशिदा यांच्यासह १९६४ साली दाखवून दिले की, बाह्यकास चेतना दिल्यास डायटर्स केंद्रकातील पेशी थेट निरोधित होतात. बाह्यकातून बाहेर जाणारा एकमेव संदेश, म्हणजे पुर्किंजे पेशींचा, निरोधक ठरला! वस्तुतः शेरिंग्टन यांनी १८९७ सालीच अनुमस्तिष्काच्या अग्रभागास चेतना देऊन प्राण्याच्या ताठरलेल्या अवयवांचे शिथिल होणे नोंदविले होते. तो संकेत ६७ वर्षे उलगडला नाही.

एकल्स यांचे १९६३ चे नोबेल पारितोषिक पेशीपटलावरील आधीच्या संशोधनासाठी होते. अनुमस्तिष्काशी त्याचा संबंध नाही. १९६७ च्या 'द सेरेबेलम अ‍ॅज अ न्यूरॉनल मशीन' या ग्रंथावर तर एकल्स, इतो व सेंटागोथाई अशी तीन नावे आहेत. पुढे १९८२ साली इतो व सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या तंतूंना एकत्र चेतना दिली, तेव्हा समांतर तंतूंचा पुर्किंजे पेशींवरील प्रभाव दीर्घकाळ क्षीण झालेला आढळला.